गावाची किल्ली कोणाकडे?

माझे माहेर वाई तालुक्यात, कृष्णेच्या काठी आहे. गेल्या वर्षी पाऊस उघडल्यावर गावात एका दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण सुरू झाले आणि यंदाच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते पुढे चालू द्यावे की थांबवावे, यावर दुपार टळेपर्यंत वाद झाला. मी माहेरवाशीण, मला तिथे मत नाही. पण देवळाच्या मंडपात बायकांच्या मागे बसून मी सगळे ऐकले. एका बाजूचे म्हणणे असे की, शूटिंगमुळे गावाचे नाव झाले, पोरांना रोज मिळू लागला, वडापावच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि रविवारी पुण्या-मुंबईच्या मोटारी मालिकेतला वाडा बघायला येऊ लागल्या. दुसरी बाजू म्हणत होती की, मुले शाळा बुडवून गर्दीत उभी राहतात, रात्रभर चालणाऱ्या जनरेटरने म्हाताऱ्यांची झोप उडाली आहे आणि खोट्या गावाच्या नादात खरे गाव बिघडत चालले आहे. दोन्हीकडची माणसे पोटतिडकीने बोलत होती. तरीही मला सारखे वाटत होते की हा वाद भलत्याच जागी चालला आहे, कारण सगळ्यांची नजर कॅमेऱ्यावर खिळली होती. ज्या महिन्यांत शूटिंग झाले त्याच महिन्यांत गावठाणातली तीन जुनी घरे बाहेरच्या माणसांनी विकत घेतली, आणि त्याबद्दल मंडपात कोणी चकार शब्द काढला नाही.

माझे मत मी आधीच सांगून टाकते. गावाने चित्रीकरणाला घाबरण्याचे कारण नाही आणि ते बघायला येणाऱ्या माणसांनाही घाबरण्याचे कारण नाही. कॅमेरा आज आहे, उद्या दुसऱ्या गावाला जाईल. गाव मोडते ते तेथील घरे राहणाऱ्यांच्या हातून सुटू लागली की, आणि शूटिंग त्या विक्रीला वेग देते, कारण ज्याला गावाचे नावही ठाऊक नव्हते अशा हजारो घरांत ते रोज रात्री गावाचे सुंदर रूप नेऊन पोहोचवते. परवानगी द्यावी की देऊ नये, हा म्हणूनच दुय्यम प्रश्न आहे. परवानगी कोणत्या अटींवर द्यायची आणि त्या अटी ठरवताना गावाने आपल्या घरांचा विचार केला आहे की नाही, हा पहिला प्रश्न आहे. हा विचार माझ्या मनात गावात बसून आला नाही. तो इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या एका समुद्रकाठच्या खेड्यात, तिथे घालवलेल्या एका दिवसात आला.

माझी लेक ब्रिस्टलला राहते. तिच्याकडे गेले असताना नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती मला पोर्ट आयझॅकला घेऊन गेली. 'डॉक मार्टिन' ही इंग्लंडमध्ये फार लोकप्रिय झालेली मालिका २००४ पासून २०२२ पर्यंत याच गावात चित्रित होत होती. रक्त पाहिले की गळाठून जाणारा एक शल्यविशारद लंडन सोडून खेड्यात डॉक्टर म्हणून येतो, अशी तिची कथा. मालिकेत गावाचे नाव पोर्टवेन असे बदललेले आहे. मोटार वर टेकाडावर ठेवून समुद्राकडे उतरत जायचे. पांढरी बुटकी घरे, काहींच्या भिंतींवर पाटीच्या दगडाच्या चिपा बसवलेल्या, आणि मध्ये इतके अरुंद बोळ की समोरून कोणी आले तर भिंतीला चिकटावे लागते. खाली होड्या ओढून घ्यायचा उतार आहे, शेजारी मासळी ठेवण्याची जुनी दगडी कोठारे. खाडीपलीकडच्या चढावर मालिकेतल्या डॉक्टरचे घर आहे. तिथे त्या थंडीतही सात-आठ माणसे उभी होती, एकमेकांचे फोटो काढत होती, हळू आवाजात बोलत होती. दारावर कोणी थाप मारली नाही, कोणी कुंपणाच्या आत गेले नाही. मालिका संपली तरी लोक येतच आहेत, असे लेक म्हणाली. गर्दीने गिळलेले गाव बघायला मिळेल अशी माझी कल्पना होती, आणि मला तसे काही दिसले नाही.

दुसरेच काही दिसले. वर चढणाऱ्या एका बोळात दम घ्यायला म्हणून मी थांबले तेव्हा एका दाराच्या चौकटीशेजारी, भिंतीत बसवलेली मुठीएवढी काळी पेटी दिसली. तिला चार आकड्यांच्या फिरत्या चकत्या होत्या. शेजारच्या दाराला तशीच पेटी, त्याच्या पुढच्या दाराला तशीच. मी लेकीला विचारले. तिने सांगितले की या पेटीत घराची किल्ली असते. घर सुटीपुरते भाड्याने घेणाऱ्याला मालक फोनवर आकडे कळवतो, पाहुणा पेटी उघडतो, किल्ली घेतो आणि जाताना परत ठेवतो. मालक कुठे असतो? बहुधा लंडनला. पाहुण्याला किल्ली देणारा हात गावात नाही. साडेचार-पाचच्या सुमारास अंधार पडला. आम्ही खालच्या धक्क्याशी उभ्या होतो आणि समोरच्या चढावर घरांच्या रांगा होत्या. त्यांतल्या फार थोड्या खिडक्यांत दिवे लागले. खेकड्यांचे पिंजरे रचून ठेवणाऱ्या एका कोळ्याशी लेकीने बोलणे काढले. तो म्हणाला, टीव्हीवाले चांगले होते, त्यांनी कधी कोणाला त्रास दिला नाही. मग सहज म्हणाला, माझा मुलगा माझ्याबरोबर होडीवर येतो, पण राहतो आत, वेडब्रिजला, कारण ज्या गावात तो जन्मला तिथे त्याला घर परवडत नाही. वडील धक्क्याशेजारी राहतात आणि मुलगा भरती-ओहोटीचे गणित बघून रोज मोटारीने समुद्रावर येतो. त्या माणसाच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आता आमच्या ग्रामसभेतल्या आक्षेपांकडे येते. 'खोट्या गावाच्या नादात खरे गाव बिघडते' या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करते. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट आहे. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटात तो घाट चरणपूर नावाच्या उत्तरेतल्या गावाचा झाला, आणि तेव्हापासून तिथे येणारे कित्येक जण 'शाहरुख कुठे बसला होता' एवढेच विचारतात. ज्याने पेशवाईच्या अखेरच्या दशकांचा कारभार सांभाळला त्याच्या दारात हे ऐकताना जीव कसनुसा होतो. पण हीच माणसे घाटावरून वर येऊन मेणवलेश्वराच्या देवळाशेजारच्या मोठ्या घंटेपुढे थबकतात, तिच्यावरचे १७०७ साल आणि मेरीची मूर्ती पाहतात आणि विचारतात की ही इथे कशी? मग चिमाजीअप्पांची १७३९ची वसईची मोहीम, तिथून आलेल्या पोर्तुगीज घंटा, हा सगळा इतिहास निघतो. असे प्रश्न मी स्वतः दोनदा तरी ऐकले आणि त्यांची उत्तरे दिली आहेत. सिनेमा नसता तर यांतली किती माणसे मेणवलीला आली असती? आणि कथेसाठी एखाद्या जागी जाणे हे काही टीव्हीने शिकवलेले वेड नव्हे. नाशिकला पंचवटीत जाणारा माणूस रामायण ऐकून जातो. इथे सीता राहिली, इथून ती गेली, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावे अशी त्याची ओढ असते. श्रद्धा आणि करमणूक यांना मी एका पारड्यात टाकत नाही. परंतु ऐकलेल्या गोष्टीची जागा पायाखाली घ्यावीशी वाटणे, ही माणसाची फार जुनी भूक आहे, आणि ती घेऊन आलेल्या पाहुण्याला मूर्ख ठरवून गावाच्या हाती काही लागत नाही.

दुसरा आक्षेप बदनामीचा. हाही पोकळ नाही. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सावंतवाडीजवळच्या आकेरीच्या वाड्यात चित्रित होऊ लागली तेव्हा कोकणात अनेकांना राग आला, कारण आपल्या मुलखाची ओळख भुताखेतांची आणि करणीची म्हणून होणार, असे त्यांना वाटले. ही भीती रास्त होती, कारण पडद्यावर एकदा चिकटलेली ओळख खरवडून काढणे कठीण असते. पण आमच्या सातारा जिल्ह्याचा अनुभव उलटाही आहे. २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी' सुरू होईपर्यंत आमच्याकडची बोली टीव्हीवर मुख्यतः नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी असे. त्या मालिकेत फौजेत जायला निघालेला नायक तीच बोली बोलला, त्याच्या घरची माणसे, त्याचे मित्र तीच बोलले, आणि साताऱ्यात शिकायला आलेल्या खेड्यातल्या मुली वर्गात तोंड उघडून आपल्या पद्धतीने बोलू लागल्या. मी तीस वर्षे शाळेत शिकवले आहे. ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली. तेव्हा मालिका गावाचे नाव राखेल की घालवेल, हे तिच्या कथेवर अवलंबून असते, आणि करार करण्याआधी कथा काय आहे हे विचारण्याचा हक्क गावाने वापरला पाहिजे. आमच्या ग्रामसभेत तो कोणी वापरलाच नव्हता.

माझ्या स्वतःच्या म्हणण्यावरचा आक्षेप याहून अवघड आहे. पोर्ट आयझॅक टीव्हीने रिकामे केले नाही. पूर्वी तिथून पिलचर्ड ही तारलीच्या जातीची मासळी बाहेर जाई, डेलाबोलच्या खाणींतला पाटीचा दगड तिथल्या बंदरातून जहाजांवर चढे. रेल्वे आली, दगड रेल्वेने जाऊ लागला. पुढे मासळीही आटली. काम गेले, मग माणसे गेली, आणि मग घरे विकली गेली. आमचेही तसेच नाही का? वाई, जावळी, पाटणची माणसे गिरण्यांत आणि माथाडी कामाला मुंबईला गेली, त्याला आता तीन-चार पिढ्या झाल्या. आमच्या आळीतली निम्मी घरे वर्षाचे दहा महिने बंद असतात. बंदच घर कोणी विकत घेतले तर गावाचे असे काय गेले, असे कोणी विचारले तर त्याला उत्तर दिले पाहिजे.

माझे उत्तर असे की, बंद घरात आणि बंद घरात फरक असतो. आमच्या आळीतल्या प्रत्येक बंद घराची किल्ली शेजारच्या घरात, देवळीत किंवा फडताळात असते. ज्याच्याकडे किल्ली असते तो पावसाळ्यात आत जाऊन गळती बघतो, दिवाळीत उंबऱ्यावर पणती ठेवतो, मुंबईहून फोन आला की ओसरी झाडून ठेवतो. फाल्गुनात रंगपंचमीला बावधनचे बगाड निघते तेव्हा आणि आमच्या भैरवनाथाच्या यात्रेला ही सगळी घरे उघडतात, मुंबईकर वर्गणी देतात, पालखीला खांदा देतात, भांडतात, लग्ने ठरवतात. त्या घराचा मालक दूर आहे, तरी घर गावातच आहे. आकड्यांच्या पेटीचे घर वर्षभर पाहुण्यांनी गजबजलेले असेल, त्याची रंगरंगोटी आमच्या घरांपेक्षा दसपट चांगली असेल, पण पलीकडे कोणी मेले तर तिथून खांदा द्यायला माणूस येणार नाही. वस्ती मोजताना छपरे मोजायची की किल्ल्या कोणाकडे आहेत ते पाहायचे?

'ज्याचे घर त्याची मर्जी' हे सगळ्यांत बळकट म्हणणे, आणि ते माझ्या सख्ख्या भावाचे आहे. आमच्या वाड्याला पुण्याच्या एका गृहस्थांनी मागणी घातली आहे. किंमत इतकी आहे की भावाच्या मुलीचे शिक्षण पार पडेल. मुलगी म्हणून माझाही वाटा असल्याने हक्कसोडपत्रावर माझी सही लागते आणि तो कागद माझ्याकडे आला आहे. भाऊ म्हणतो, "अक्का, तू साताऱ्यात फ्लॅटमध्ये राहतेस आणि मला मातीच्या भिंती सांभाळायला सांगतेस." हे बरोबर आहे. गरज असलेल्या माणसाला गावाच्या नावाने उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही.

पण एकेकट्याच्या मर्जीची बेरीज गावाची मर्जी असतेच असे नाही, हे आमच्या जिल्ह्याने फार पूर्वी पाहिले आहे. १८२९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी करार करून वाईजवळचे खंडाळा गाव दिले आणि त्याच्या बदल्यात महाबळेश्वरचे पठार घेतले. डोंगरावर माल्कम पेठ वसली, उन्हाळ्यापुरते येणाऱ्या साहेबांचे आणि पुढे मुंबईच्या धनिकांचे बंगले उभे राहिले. करार राजीखुशीचा होता, कागदावर दोन्ही बाजूंना मोबदला होता. कृष्णेचा उगम असलेले जुने क्षेत्र महाबळेश्वर मात्र त्या नव्या पेठेपासून काही किलोमीटरवर आपले आपण राहिले, आणि 'महाबळेश्वर' म्हटल्यावर आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बाजारपेठ आणि पॉइंट येतात. शेतजमिनीपुरता तरी हा धोका आपल्या कायदेकर्त्यांनी ओळखला होता. १९४८च्या कुळकायद्याने शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पळवाटा निघाल्या, पण जमीन ही नुसती विकायची वस्तू नाही हे तत्त्व कायद्याने मान्य केले. गावठाणातल्या घराला असले कसलेही कुंपण नाही. धोम धरणाच्या पाण्याकाठी आणि पाचगणीच्या उतारावर प्लॉटच्या जाहिरातींचे फलक लागलेले आपण रोज बघतो. आता नजर गावठाणाकडे वळली आहे, कारण जुन्या वाड्याला मालिकेने भाव आणला आहे.

कॉर्नवॉलमध्ये या दुखण्यावर उपाय शोधून झाले आहेत आणि तेही सरळ साधलेले नाहीत. सेंट आइव्ह्ज या किनाऱ्यावरच्या गावात २०१६ मध्ये रहिवाशांनी मतदान करून ठरवले की नवी घरे फक्त कायम राहणाऱ्यांनाच विकायची. त्याचा परिणाम म्हणून बाहेरचा पैसा जुन्या घरांकडे वळला, असा निष्कर्ष तिथल्या अभ्यासकांनी काढला. एप्रिल २०२५ पासून कॉर्नवॉलच्या कौन्सिलने दुसरे घर म्हणून ठेवलेल्या घरांवरचा कर दुप्पट केला. यातून मला दिसते ते एवढेच की, घरे गेल्यावर केलेली धावपळ फार महाग पडते आणि तिला अपुरे यश येते. आमच्या गावात आज तीनच घरे गेली आहेत.

घर विकू नये असा ठराव ग्रामसभेने केला तर तो कायद्यापुढे टिकणार नाही. तो करूही नये. परंतु विकण्याची पाळी येऊ नये यासाठी पुष्कळ करता येते, आणि त्यासाठी लांब जायला नको. पाचगणीशेजारच्या भिलारमध्ये ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव सुरू झाले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ती कल्पना सुचली. तिथे पुस्तके लोकांच्या राहत्या घरांत ठेवली आहेत. पाहुणा ओसरीवर बसून वाचतो आणि घरातली बाई आत चुलीपाशी असते. किल्ली तिच्या कमरेला आहे. कासच्या पठारावर कास, कासाणी, एकीव, आटाळी या गावांच्या समित्यांनी वनखात्याबरोबर फुलांच्या हंगामाची व्यवस्था पाहिली, प्रवेशशुल्क घेतले, रोजच्या गर्दीला मर्यादा घातली. तिथल्या कारभाराबद्दल तक्रारी आहेत, काही खऱ्याही आहेत. पण त्या तक्रारी गावकऱ्यांनी गावकऱ्यांविरुद्ध केलेल्या आहेत, म्हणजे भांडायला गाव शिल्लक आहे.

तेव्हा १ मेच्या ग्रामसभेपुढे मी माझ्या वहिनीमार्फत अर्ज देणार आहे. शूटिंगला परवानगी द्यावी. करार एकट्या घरमालकाशी न होता ग्रामपंचायतीलाही त्यात पक्ष करावे, कथा आधी सांगावी, जनरेटर रात्री दहानंतर वस्तीत चालवू नये, शाळेच्या वेळात मुलांना गर्दीत उभे करू नये. भाड्याचा ठरावीक हिस्सा पंचायतीच्या वेगळ्या खात्यात जमा व्हावा आणि त्यातून गावठाणातली जुनी घरे दुरुस्त करायला बिनव्याजी उसनवार मिळावी; ज्याने ती घेतली त्याने घर विकायचे ठरवलेच तर आधी भावकीला आणि मग गावात विचारावे. शेत विकताना आधी भाऊबंदांना विचारायची रीत आपल्याकडे होतीच, तीच घरांना लावायची. यातली शेवटची अट लोकांना जाचक वाटेल, तिच्यावर सगळ्यांत जास्त वाद होईल, आणि तो व्हावा अशी माझी इच्छा आहे, कारण त्या निमित्ताने तरी त्या तीन घरांचे नाव मंडपात निघेल.

भावाला मी सांगितले आहे की मालिकेच्या लोकांनी आपल्या वाड्याचा चौक आणि सोपा दोन महिन्यांसाठी मागितला होता, तेव्हा आपण नाही म्हटले, ते चुकले. ते भाडे घ्यावे, त्यात मी माझी भर घालते, आधी वरचे छप्पर करून घेऊ आणि मुलीच्या फीचे दोघे मिळून बघू. तोवर त्या कागदावर मी सही करत नाही. तो लगेच हो म्हणाला नाही. मात्र परवा त्याचा फोन आला होता: गवंडी येऊन माप घेऊन गेला, पश्चिमेची भिंत कंबरेपर्यंत उतरवावी लागेल म्हणतो, आणि जुनी कौले निम्मी तरी परत बसतील.